आत्मविश्वास आणि अहंमन्यता (कामाच्या ठिकाणी)

हातातील काम आपल्याला जमेल आणि ते कोठे अडेल हेही ठाऊक आहे, अशी अनुभवातून आलेली खात्री म्हणजे आत्मविश्वास. आपले चुकणारच नाही, म्हणून कोणी तपासूही नये, ही धारणा म्हणजे अहंमन्यता. दोन्हींचा आवाज सारखाच खणखणीत असू शकतो. त्यामुळे मुलाखतीत किंवा बैठकीत, जेथे माणसाचे केवळ बोलणे समोर असते, तेथे त्यांची गल्लत सहज होते.

सांगली भागाच्या बोलीत हा भेद शब्दांतच मुरलेला आहे. ‘त्याच्यात धमक आहे’ ही शाबासकी, तर ‘त्याला माज आलाय’ हा ठपका. माज हा गोठ्यातला शब्द आहे. गाय-म्हैस माजावर येते. माणसाला तो लावला की मस्ती आणि दावे (गुराला बांधायचा दोर) न जुमानणे हे दोन्ही अर्थ त्याच्यासोबत येतात. ताठा, तोरा, मिजास हे शेजारचे शब्द त्यामानाने सौम्य.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमतेची, म्हणजे एखादे काम आपण पार पाडू शकू या खात्रीची, संकल्पना येथे उपयोगी पडते. अशी खात्री विशिष्ट कामापुरती असते आणि ते काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव हा तिचा सर्वांत भक्कम आधार असतो. लेथवर हात बसलेला कारागीर हिशेबाच्या वहीसमोर चाचरला तर त्यात विसंगती नाही. अहंमन्य माणूस मात्र एका कामात कमावलेली पत दुसऱ्या कामात खर्चू पाहतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांच्या १९९९ मधील अभ्यासात चाचण्यांत तळाच्या चतुर्थांशात आलेल्या व्यक्तींनी प्रत्यक्षात शंभरांतील साधारण १२ जणांनाच मागे टाकले होते, पण त्यांचा स्वतःविषयीचा अंदाज ६२ जणांचा होता. या तफावतीतील काही भाग निव्वळ संख्याशास्त्रीय, म्हणजे आकडेमोडीच्या पद्धतीतूनच आलेला, असल्याचा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

खरी पारख तपासणीच्या वेळी होते. कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील जाणता सेटर (मशिन कामासाठी जुळवून देणारा कारागीर) मशिन लावल्यावर पहिला नग स्वतःहून तपासणीला नेतो, आणि माप काही मायक्रॉननी (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांनी) हुकले तर मुकाट्याने सेटिंग बदलतो. ‘पंधरा वर्षे हेच करतोय’ हे उत्तर तेथे मापाला लागू पडत नाही. साखर कारखान्यातील मुरलेला पॅनमन (पाक आटवून साखरेचा दाणा पाडणारा कामगार) पाकाची तार बोटांत धरून दाण्याचा अंदाज घेतो, पण प्रयोगशाळेचा आकडा वेगळा आला तर त्याला तो अपमान वाटत नाही. सांगलीच्या हळद बाजारातही नुसत्या जिभेवर भाव ठरत नाही. हळकुंड मोडून गाभ्याचा रंग पाहिला जातो.

या भेदाची एक अडचण अशी की ठपका ठेवण्याचा अधिकार बहुधा वरच्या खुर्चीकडे असतो. साहेबाने आवाज चढवला तर तो ‘कडक स्वभाव’ ठरतो. तीच ठाम भाषा शिकाऊ मुलाने, कंत्राटी कामगाराने किंवा नव्याने रुजू झालेल्या मुलीने वापरली की ‘लै शाणी झालीय’ असे ऐकू येते. ‘हे ड्रॉइंगच चुकले आहे’ असे ती म्हणत असेल, तर तिचा सूर मोजण्याआधी ड्रॉइंग मोजावे लागते. आणि ते खरोखर चुकलेले निघाले, तर तिच्या स्वभावाविषयी बोलण्यासारखे काही उरत नाही.