३ मीटर पुढे गेलेला पास बरोबर, अर्धा मीटर गेलेला चूक

इंग्लंडच्या प्रीमियरशिपची कुठलीही रग्बी मॅच लावा, ८० मिनिटांत एकदा तरी हे होणारच. विंगर टचलाइनच्या कडेने सुसाट सुटलाय, समोर एकच डिफेंडर उरलाय, हा आतल्या बाजूला पास टाकतो, साथीदार तो झेलून ट्राय करतो, म्हणजे समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल जमिनीला टेकवून गुण मिळवतो, आणि अर्धं स्टेडियम उभं राहून 'फॉरवर्ड, फॉरवर्ड' ओरडायला लागतं. रिप्लेमध्ये तर स्वच्छ दिसतं की बॉल गोललाइनपासून २२ मीटरवर असलेल्या रेघेच्या अलीकडे हातातून सुटला आणि रेघेच्या पलीकडे झेलला गेला. तरी रेफरी ट्राय देतो. मग काय, पुढचे दोन दिवस तेच रडगाणं, आपल्या लीगमध्ये रेफरिंगचा दर्जा पार रसातळाला गेलाय, यांना डोळे तपासायला पाठवा, वगैरे.

रग्बी न बघणाऱ्यांसाठी पटकन सांगतो. रग्बी युनियनमध्ये १५-१५ खेळाडू, बॉल हातात घेऊन पुढे पळता येतं, पायाने पुढे मारता येतो, पण हाताने पुढे फेकता येत नाही. पास आडवा किंवा मागेच द्यायचा. (२०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली ती सात-सात जणांची, पण हा नियम तिथेही तोच.) एवढा साधा नियम, आणि भांडणं मात्र सगळ्यात जास्त याच्यावरून.

आता रेफरी चुकत नाहीत असं माझं अजिबात म्हणणं नाही. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी मिळून दीड टनाच्या वर वजन एकमेकांवर रेटत असतं, ते कोसळलं की नेमकं कोणामुळे कोसळलं हे रेफरी बऱ्याचदा अंदाजानेच ठरवतो असं मला वाटतं, आणि रकमध्ये, म्हणजे खाली पडलेल्या बॉलवरून होणाऱ्या झटापटीत, तर रोज नवा न्याय. तिथे शिव्या घाला, हरकत नाही. पण फॉरवर्ड पासच्या बाबतीत ओरडणाऱ्यांपैकी बरेच जण फिजिक्सलाच शिव्या घालत असतात, त्यांना ते माहीत नसतं एवढंच.

शाळेतली सापेक्ष गती आठवा. विरारला जाणाऱ्या लोकलमध्ये तुम्ही बसलाय आणि तुमच्या मागच्या बाकावरच्या मित्राकडे वेफर्सचं पाकीट हलकेच मागे फेकलंत. तुमच्या दृष्टीने पाकीट मागे गेलं, मित्राच्याही दृष्टीने ते त्याच्याकडे आलं. पण प्लॅटफॉर्मवर उभ्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल की पाकीट विरारच्याच दिशेने गेलं, फक्त गाडीपेक्षा जरा हळू. खोटं कोणीच बोलत नाहीये.

आता हेच मैदानावर आणू. विंगर सेकंदाला ८ मीटरने पळतोय, म्हणजे ताशी साधारण २९ किलोमीटर, चांगल्या खेळाडूला हे सहज जमतं. तो पास देताना बॉल स्वतःच्या शरीराच्या हिशेबाने बाजूला १२ मीटर प्रति सेकंद आणि मागे ३ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकतो. हाताची हालचाल स्पष्ट मागे, त्याच्या खांद्याच्या रेषेपासून साधारण १४ अंश मागे. पण बॉल हातात होता तेव्हा तोही ८ च्या वेगाने पुढेच चालला होता ना, तो वेग हातातून सुटल्यावर कुठे हवेत विरून जात नाही. ८ वजा ३, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने बॉल अजूनही सेकंदाला ५ मीटरने पुढे चाललाय. ०.६ सेकंद हवेत राहिला तर बाजूला ७.२ मीटर गेला आणि पुढे ३ मीटर गेला. पूर्ण ३ मीटर. हवेचा अडथळा थोडा खातो, पण अर्ध्या-पाऊण सेकंदात, तेही ४१० ते ४६० ग्रॅमच्या बॉलवर, त्याने हिशेब फारसा बदलत नाही.

तेवढ्या वेळात विंगर स्वतः ४.८ मीटर पुढे गेलाय. म्हणजे बॉल झेलला गेला तेव्हा तो विंगरच्या १.८ मीटर मागेच आहे. पळणाऱ्या दोघांनाही पास मागे गेलेला दिसतो, हाताने मागे टाकलाय, आणि मैदानावरच्या चुन्याच्या रेघेला मात्र तो ३ मीटर पुढे गेलेला दिसतो.

यावर लोक म्हणतात, मग नियमच जमिनीवरून ठरवा ना, रेघेच्या पुढे गेला की शिट्टी, विषय संपला. ठीक आहे, करून बघू. ८ च्या वेगाने पळणाऱ्याला बॉल जमिनीच्या हिशेबाने मागे टाकायचा असेल तर त्याने स्वतःच्या हिशेबाने किमान ८ च्या वेगाने मागे टाकला पाहिजे. बाजूला १२, मागे ८, म्हणजे कोन झाला जवळजवळ ३४ अंश. तो बॉल ०.६ सेकंदांत विंगरच्या पावणेपाच मीटर मागे पडेल, म्हणजे साथीदाराने एवढं मागे राहून पळायचं. फुल स्पीडमध्ये पास देणं, जी या खेळातली सगळ्यात देखणी गोष्ट आहे, ती या नियमाने जवळपास संपेल, आणि जेवढं जोरात पळाल तेवढी जास्त शिक्षा. म्हणूनच वर्ल्ड रग्बीच्या, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेच्या, नियमात आता भर हातांवर आहे, पास देणाऱ्याचे हात कुठल्या दिशेने गेले ते बघायचं, बॉल कुठे पडला ते नाही. मागे टाकलेला बॉल जमिनीवर आपटून पुढे उसळला तरीही तो फॉरवर्ड धरत नाहीत.

खरी गंमत टॅकल झाल्यावर येते. विंगरने पास सोडला आणि त्याच क्षणी त्याला कोणीतरी आडवा केला. तो जागीच थांबला, बॉल मात्र ५ च्या वेगाने पुढे चाललाय. झेलला जाईपर्यंत बॉल विंगरच्या ३ मीटर पुढे. पास तोच, हात तसेच, अंशाचाही फरक नाही, पण आता बघणाऱ्याला तुलनेसाठी पळणारा विंगर उरलाच नाही, जमिनीवर पडलेला विंगर आहे, आणि बॉल त्याच्या पुढे गेलाय हे तर शेंबडं पोरही सांगेल. सर्वात मोठी बोंबाबोंब अशाच पासवर होते.

आता उलटं बघा. एक खेळाडू जागेवर उभा आहे, त्याने शेजारच्याला जरासा पुढे पास दिला, पुढचा वेग सेकंदाला फक्त १ मीटर. ०.६ सेकंदांत बॉल ६० सेंटिमीटर पुढे. कोणाच्या लक्षातही येत नाही, जवळपास रेघ नसेल तर कमेंटेटरही बोलत नाही. हा पास शंभर टक्के फॉरवर्ड आहे. आणि तो ३ मीटरवाला शंभर टक्के बरोबर.

हे सगळं गॅलिलिओने १६३२ साली जहाजाचं उदाहरण घेऊन मांडून ठेवलंय, चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडला तर तो मागे न पडता काठीच्या पायथ्याशीच पडतो. तेव्हा वाद पृथ्वी फिरते की नाही यावर होता. आता ट्रायवर आहे.

बरं, गणित समजलं तरी ते डोळ्यांनी दिसायला तर हवं. इथून पुढे जरा किचकट आहे, पण मला हा भाग फार आवडतो म्हणून घालतोच. टीव्हीचा मुख्य कॅमेरा सहसा हाफवे लाइनच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेघेच्या, समोर, स्टँडमध्ये उंचावर असतो. समजा तो जमिनीपासून २० मीटर उंच आहे, पास २२ च्या रेघेजवळ चाललाय आणि तिथपर्यंतचं जमिनीवरचं अंतर ६० मीटर आहे. बॉल हवेत आहे आणि रेघ जमिनीवर. आपण दोन्ही एकाच सपाट चित्रात बघतो, म्हणजे कॅमेऱ्यापासून बॉलमधून जाणारी सरळ रेषा पुढे जिथे जमिनीला लागेल तिथे बॉल 'आहे' असं आपल्याला वाटतं. बॉल ८० सेंटिमीटर उंचीवर असेल तर ही खोटी जागा खऱ्या जागेच्या अडीच मीटर पलीकडे येते, १.४ मीटर उंचीवर असेल तर साडेचार मीटर पलीकडे. कॅमेरा तिरका बघतोय, त्यामुळे या सरकण्याचा साधारण निम्मा हिस्सा गोललाइनच्या दिशेने जातो. म्हणजे कमरेजवळून सोडलेला आणि छातीशी झेललेला पास, तो अगदी २२ च्या रेघेला समांतर गेला तरी, स्क्रीनवर जवळजवळ १ मीटर पुढे गेलेला दिसणार. छातीजवळून सोडून खाली झेलला तर उलटं, पुढे गेलेला पासही मागे गेल्यासारखा वाटेल. आणि हाच खेळ टीमच्या स्वतःच्या हाफमध्ये चालला असेल तर सगळ्या चुकांची दिशा परत फिरते! पासच्या बरोब्बर रेषेत कॅमेरा नसेल तर रिप्ले कितीही स्लो करा, कोन काही बदलत नाही.

मैदानावरच्या माणसांचे हालही असेच. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली फुटबॉलच्या ऑफसाइडबद्दल हेच दाखवलं होतं की लाइन्समन ऑफसाइडच्या रेषेत उभा नसेल तर नुसत्या बघण्याच्या कोनामुळे त्याचे निर्णय चुकतात, आणि कुठल्या बाजूला चुकतील हेही आधी सांगता येतं. रग्बीत टचलाइनवरचा असिस्टंट पासच्या बरोब्बर रेषेत हवा, पण ८ च्या वेगाने पळणाऱ्या विंगरबरोबर फ्लॅग घेऊन पळणारा माणूस एखाद-दोन मीटर मागे पडणारच. त्यात पुन्हा डोळा. देणाऱ्यावरून घेणाऱ्याकडे नजर उडी मारते त्या क्षणभरात मेंदू चित्र जवळजवळ बंदच ठेवतो, आणि तेवढ्यात विंगर ३०-४० सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो. खालच्या पातळीवरच्या क्लब मॅचेसमध्ये तर एकटा रेफरी, फ्लॅग हातात घेतलेली माणसं बऱ्याचदा दोन्ही क्लबांनीच दिलेली, कॅमेरा नाही. तिथे फॉरवर्ड पासचा अचूक निर्णय मागणं म्हणजे चमत्कार मागणं आहे.

प्रीमियरशिपमध्ये २०१२-१३ च्या सीझनपासून टीएमओला, म्हणजे टीव्हीवर बघून सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्याला, ट्रायच्या आधीचा खेळही तपासायची मुभा मिळाली. चांगलंच झालं. २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये कार्डिफला फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ हरवलं तेव्हा शेवटच्या ट्रायच्या आधीचा पास उघड फॉरवर्ड होता, आणि टीएमओला तो बघायचा अधिकारच नव्हता. तेव्हाचा रेफरी वेन बार्न्स, प्रीमियरशिपचाच माणूस, २०२३ ची वर्ल्ड कप फायनल करून निवृत्त झाला आणि जाताना ऑनलाइन धमक्या कुटुंबापर्यंत पोचतात हे बोलून गेला. अमका रेफरी आला की आपण हरतोच, तो आपल्याला पनवती आहे, हे लोक तिकडेही तेवढ्याच श्रद्धेने मानतात, पाच-सहा मॅचेसचा हिशेब काढून. एवढ्या कमी मॅचेसमध्ये नाणं उडवलं तरी कोणीतरी पनवती निघेल.

दुसरी श्रद्धा सेन्सरवर. बॉलमध्ये चिप घालायचे प्रयोग झालेत, आणि आता मशीन सांगेल, भांडण मिटलं असं लिहिणारेही आहेत. पण नुसत्या बॉलची चिप सांगणार काय, तर बॉलचा जमिनीच्या हिशेबाने वेग. वरच्या उदाहरणात ती '५ मीटर प्रति सेकंद, पुढे' असं अगदी अचूक सांगेल, आणि त्याचा काही उपयोग नाही, कारण सोडतानाचा विंगरचा वेगही तितकाच अचूक हवा. तो मोजायचा कुठे? छातीशी, कमरेशी, की खांद्याशी? सरळ पळताना तिन्ही जवळपास सारखेच. पण टॅकलमध्ये गरकन फिरत असताना पास सोडला तर एक खांदा १० च्या वेगाने पुढे जात असेल आणि दुसरा ६ च्या. अशा वेळी 'हात मागे गेले' म्हणजे शरीराच्या कुठल्या भागापेक्षा मागे? व्याख्येत एवढी बारीक फोड नाही. म्हणून टीएमओ अशा ठिकाणी जे ढळढळीत दिसतं तेवढंच बोलतो, बाकी मैदानावर जो निर्णय दिला तो कायम.