आठव्या महिन्यातली कंबरदुखी आणि बाळाच्या हृदयाजवळची वाट

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना इतवारीतल्या एका औषधाच्या दुकानात मी उभा होतो. आठवा महिना लागलेली एक बाई सासूबरोबर आली आणि सासू म्हणाली, "भाऊ, हिची कंबर लय दुखून राहिली, एखादी गोळी द्या." दुकानातल्या मुलाने एका पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून दिल्या. कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धेच उरले होते, पण ते डायक्लोफिनॅक आहे एवढे ओळखता येत होते. मी मध्ये पडलो. परक्या माणसाने असे बोलावे की नाही, हा विचार करण्याची ती वेळ नव्हती.

कारण समजण्यासाठी गर्भाच्या रक्ताभिसरणाकडे पाहावे लागते. पोटातल्या बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेवाटे. त्यामुळे फुप्फुसांकडे फारसे रक्त पाठवण्याची गरज नसते, आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुप्फुस-धमनीत आलेले बहुतेक रक्त एका आखूड वाहिनीतून थेट महाधमनीत वळवले जाते. या वाहिनीला डक्टस आर्टेरिओसस म्हणतात. जन्मानंतर बंद व्हायचे हे तिचे ठरलेलेच असते, पण जन्मापूर्वी ती उघडी राहणे बाळाच्या जिवाच्या दृष्टीने आवश्यक असते.

तिला उघडी ठेवतात त्या मुख्यतः दोन गोष्टी: गर्भाच्या रक्तातले प्राणवायूचे कमी प्रमाण आणि वारेत व वाहिनीच्या भिंतीत तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये. बाळ जन्मते, पहिला श्वास घेते, वार वेगळी होते, रक्तातला प्राणवायू वाढतो, प्रोस्टाग्लँडिन घटते, आणि पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ही वाट साधारण एक ते तीन दिवसांत आकसून मिटते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांचे काम नेमके प्रोस्टाग्लँडिन बनवणारे विकर अडवण्याचे आहे. आईची कंबर त्यामुळेच दुखायची थांबते. पण हे छोटे रेणू वार ओलांडून बाळापर्यंतही पोहोचतात आणि जन्माआधीच ती वाट आकसू शकते. मग उजव्या कप्प्यावर ताण येतो, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि जन्मल्यावर बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. गर्भ जसजसा मोठा होतो तसतशी ही वाहिनी अशा औषधांना अधिक संवेदनशील होते, म्हणूनच शेवटचे तीन महिने विशेष जोखमीचे असतात.

हीच यंत्रणा डॉक्टर उपचारासाठी उलटसुलट दोन्ही प्रकारे वापरतात, आणि माझ्या मते शरीरक्रियाशास्त्रातला हा सर्वांत सुंदर भाग आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळात वाहिनी उघडीच राहिली तर ती मिटवण्यासाठी १९७६ पासून इंडोमेथासिन आणि पुढे आयब्युप्रोफेन दिले जाऊ लागले. उलट, काही जन्मजात हृदयविकारांत ती वाट मिटली तर बाळ जगत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेपर्यंत प्रोस्टाग्लँडिनची सलाईन लावून ती उघडी ठेवतात.

दुसरा धोका मूत्रपिंडांचा. गर्भारपणाच्या मध्यापासून गर्भजलाचा मोठा भाग बाळाच्या लघवीचाच असतो; बाळ ते पाणी गिळते आणि पुन्हा लघवीवाटे बाहेर टाकते. या गोळ्यांनी मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त घटले की लघवी कमी होते, आणि सोनोग्राफीनंतर "पोटातले पाणी कमी झाले आहे" असे ऐकावे लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये २० व्या आठवड्यापासूनच ही औषधे टाळण्याची सूचना दिली ती यामुळेच. औषध थांबवल्यावर पाणी बहुतेक वेळा पूर्ववत होते, नेहमीच होते असे नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात आईच्या शरीरातलेच पाणी आटलेले असेल, तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

थॅलिडोमाइडचा इतिहास अनेकांना ठाऊक असतो: १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतलेले ते औषध गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ या दिवसांत घेतले गेले, तर हातापायांची घडण बिघडत असे. तो काळ अवयव घडण्याचा होता. वेदनाशामकांची गोष्ट निराळी आहे, कारण इथे सर्व अवयव घडून झालेले असतात आणि बिघडते ते त्यांचे काम. त्यामुळे "पहिले तीन महिने निभावले, आता काही नाही" ही समजूत धोक्याची आहे.

तितकीच धोक्याची दुसरी समजूत म्हणजे गरोदरपणी कोणतेच औषध घ्यायचे नाही ही. अपस्माराची गोळी अचानक बंद करणाऱ्या आईला झटका आला, तर बाळाचा प्राणवायूही तुटतो. अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे हे खरे, पण ते बदलायचे डॉक्टरांनी, आणि शक्यतो दिवस राहण्याआधी. गर्भारपणातला रक्तदाब वाढू नये म्हणून डॉक्टर अल्प मात्रेत देतात ते अ‍ॅस्पिरिनही स्वतःहून थांबवू नये.

त्या दुपारी गल्ल्यावरचे मालक पुढे आले, "कितवा महिना?" असे त्यांनी विचारले, आणि चारही गोळ्या परत घेतल्या. त्यांनी पॅरासिटामॉलची पट्टी न कापता अख्खी दिली, दोनच गोळ्यांचे पैसे घेतले, आणि उद्याच्या तपासणीला जाताना हीच पट्टी डॉक्टरीणबाईंना दाखवा, नाव वाचता येईल, असे सासूला दोनदा बजावून सांगितले.