कॅप्टन नक्की कोणाला म्हणायचं? स्टारशिपवरच्या वादाची पार्श्वभूमी

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या झापांखाली असतात, माणसं घरात असतात, आणि आमच्या हर्णैच्या घरात कर्क भारी की पिकार्ड की जेनवे हा वाद दरवर्षी नव्याने पेटतो. हे तिघे 'स्टार ट्रेक' या अंतराळयानांवरच्या अमेरिकन मालिकांमधले वेगवेगळे कॅप्टन. वाद मिटत नाही कारण कॅप्टन या शब्दाचा अर्थ प्रत्येकजण आपापला धरून बसलेला असतो.

शब्दच मुळात गुंत्याचा. नौदलातला कॅप्टन म्हणजे सैन्यातल्या कर्नलच्या बरोबरीचा, सैन्यातला कॅप्टन त्याच्या कितीतरी खाली, आणि मर्चंट नेव्हीत कागदावर 'मास्टर' पण हाक मारायची कॅप्टन (आमचा चुलतभाऊ तिकडेच आहे, त्याला हे विचारू नका, तासभर सोडत नाही). मालिकेतही तेच. त्यातल्याच एका मालिकेतला सिस्को १९९३ पासून अख्खं अंतराळ स्टेशन सांभाळतोय पण हुद्दा कमांडर, कॅप्टन झाला तो १९९५ ला तिसऱ्या सीझनच्या शेवटी. १९८२ च्या सिनेमात तर कर्कचा जुना सहकारी स्पॉक कॅप्टन आणि कर्क ॲडमिरल, तरी वेळ आली तशी खुर्चीत कर्कच.

आपल्या किनाऱ्यावर हे जास्त साफ आहे. नाखवा म्हणजे बोटीचा मालक, तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बाकी खलाशी. नाखवा हा शब्द फारसी नाखुदावरून आलाय, म्हणजे मूळ अर्थ जहाजाचा धनीच. काही बोटींवर नाखवा हाच तांडेल असतो ते वेगळं. पण जाळं कुठे टाकायचं आणि वारा फिरला तर कधी परतायचं हे तांडेल ठरवतो, आणि हिशेब नाखव्याला देतो.

कर्क, १९६६, हा सरळ तांडेल. समुद्री कादंबऱ्यांतल्या कप्तानावरून बेतलेला, प्रत्येक ग्रहावर स्वतः उतरणारा. त्याच्याआधी जो पहिला पायलट, म्हणजे चाचणीचा भाग केला त्यात कॅप्टन पाइक होता आणि त्याच्या हाताखाली दुसऱ्या नंबरवर बाई होती, तो चॅनलने परत पाठवला आणि ती बाई गेली. पुढे १९६९ च्या शेवटच्या भागात बायकांना कॅप्टनपद मिळत नाही अशा अर्थाचं वाक्य आहे, तो नियम होता की ते बोलणाऱ्या पात्राची कडवट जीभ यावर लोक अजून भांडतात. १९८७ चा पिकार्ड यानावरच थांबतो, खाली जातो तो त्याचा फर्स्ट ऑफिसर, आणि निर्णय टेबलाभोवती बसून होतात. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना तो आवडतो, मला जरा ग्रामसभा वाटते.

खरी मारामारी होते ती जेनवेवर. १९९५, मुख्य भूमिकेतली पहिली बाई कॅप्टन, आणि पहिल्याच भागात यान सत्तर हजार प्रकाशवर्षं लांब फेकलेलं, घरी यायला पंच्याहत्तर वर्षं. यानावर बरेच लोक कालपर्यंत बंडखोर. मुख्यालयाला धड निरोप पोचला तो चौथ्या सीझनमध्ये, १९९८ ला. आणि १९९६ च्या मे महिन्यात तो भाग आला. ट्रान्सपोर्टरच्या (माणसांना क्षणात इकडून तिकडे पोचवणारं यंत्र) गडबडीत टुव्हॉक आणि नीलिक्स, म्हणजे सुरक्षा अधिकारी आणि चक्क भंडारी (बोटीवर रांधणारा), दोघांचा मिळून एक नवाच माणूस झाला, टुव्हिक्स. तो काही आठवडे राहिला, कामाला लागला, लोकांना आवडायला लागला, आणि मग दोघांना वेगळं करायची युक्ती सापडली. हा म्हणतो मला मरायचं नाही. डॉक्टरने हात वर केले, इजा करणार नाही म्हणाला. मग जेनवेने स्वतः ते केलं. दोघे परत आले, तिसरा गेला, आणि पुढच्या भागात त्याचा साधा विषयही नाही.

खून की सुटका? मी तिच्या बाजूचा आहे, लपवत नाही. तिच्या वर विचारायला नाखवाच नव्हता. पिकार्डला वरिष्ठांशी बोलता यायचं, कर्कला निदान उशिरा का होईना हुकूम मिळायचा, हिच्याकडे दोन माणसं परत आणायचा प्रश्न होता आणि सही करायला तीच. तिसऱ्याचा जीव फुकट गेला हे खरंच आहे, त्याने केलेल्या विनवण्या ऐकवत नाहीत, पण १९९८ मध्ये सिस्कोने खोटा पुरावा बनवून एका अख्ख्या साम्राज्याला युद्धात ओढलं, त्यात माणसं मेली, आणि त्या भागाला लोक डोक्यावर घेतात. सिस्को धोरणी आणि जेनवे खुनी, हे काय गणित आहे मला कळलेलं नाही, आणि तो पुरुष नसता तर काय म्हणाले असते तेही सांगा.

२००१ चा आर्चर मी पटकन सोडतो, तो गोष्टीत या सगळ्यांच्या आधीच्या काळातला कॅप्टन, त्याच्याकडे अजून नियमच नव्हते. २०१७ च्या मालिकेत तर मुख्य पात्र कॅप्टनविरुद्ध बंड करूनच सुरुवात करतं, कॅप्टन व्हायला तिला तीन सीझन लागले. आणि २०२२ ला तोच परत पाठवलेला पाइक स्वतःची मालिका घेऊन आला, आपल्या केबिनमध्ये चूल मांडून क्रूला जेवायला घालतो. आमचा भाऊ म्हणाला, हा कसला तांडेल, हा तर भंडारी.