साल्सा ‘रक्तातच’ असावा लागतो?

‘साल्सा बँडमध्ये वाजवायला क्यूबाचंच रक्त लागतं’ असं पुण्यातल्या डान्स ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतंय. साल्सा म्हणजे नाचासाठीचं लॅटिन संगीत; त्याचं मूळ क्यूबन, हे खरंच. पण साल्सा आकाराला आला 1960-70च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये. तिथे पोर्तो रिकन, ज्यू, आफ्रिकन-अमेरिकन वादकही होते, कित्येक तर जॅझमधून आलेले.

हा ताल रक्ताशिवायही जमतो का, याचा पडताळा घरीच घ्या. तीनतालासारख्या 16 मात्रा मोजा, टाळी 1, 4, 7, 11, 13 वर. हा क्लावे, म्हणजे साल्साचा पायाभूत ठेका. गाण्यात तो वाजवणाऱ्या लाकडी काठ्यांच्या ठोक्यांशी जुळला नाही, तर 9व्या मात्रेला 1 म्हणा.

तबलजी हे पटकन उचलतो. अडतो समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर! कारण बास (खालचे सूर वाजवणारं तंतुवाद्य) बहुधा 15व्या मात्रेवरच पुढचा सूर धरतो आणि सम मोकळी सोडतो. ही सवय रियाजानेच लागते, क्यूबातल्या पोरालासुद्धा.