पांगाऱ्याच्या खुंटापासून तारेच्या मांडवापर्यंत

लग्नाला मांडव आणि कारल्यालाही मांडवच. परसात चार मेढी रोवायच्या, वर आडव्या काठ्या टाकायच्या आणि त्यावर तुराट्या पसरायच्या, की दोडका, पडवळ, घेवडा चढायला मोकळे. काम साधं दिसतं, पण कोणत्या वेलीला कसला आधार द्यायचा, हे जुन्या लोकांनी वेलीच्या चढण्यावरूनच ठरवलेलं होतं.

नागवेल आणि मिरी पेरांपाशी फुटणाऱ्या मुळ्यांनी सालीला चिकटून चढतात. त्यांना जिवंत, खरखरीत झाडच मानवतं. म्हणून पानमळ्यात शेवरी, हादगा, पांगारा लावतात आणि कोकणात मिरीची वेल सुपारीवर सोडतात. शेवरी आधार देते आणि वर सावलीही धरते. दोडक्या-कारल्याचं तसं नाही. त्यांचे ताणे बारीक काडीलाच विळखा घालतात, जाड खांब त्यांच्या आवाक्यात येत नाही. ताणा एकदा जवळून पाहावा. टोक काडीला धरलं की मधला भाग स्प्रिंगसारखा वळतो, अर्धा एका दिशेने, उरलेला उलट्या. वाऱ्याचा हिसका बसला तर तो ताणतो, तुटत नाही. चार्ल्स डार्विनने १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींवरच्या आपल्या निबंधात या वळणांचा बारकाईने अभ्यास मांडला होता.

आपल्याकडे आधाराचा खरा कायापालट झाला तो द्राक्षात. नाशिक-पुण्याकडे पूर्वी भोकरीसारख्या जातींच्या वेली पांगाऱ्याच्या दुबेळक्याच्या, म्हणजे दोन फाटे फुटलेल्या खुंटावर चढवत. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये अशा खुंटांसोबत सहा फूट उंचीच्या मांडवाचीही नोंद आहे: मांडवावर माल जास्त येतो, पण खर्चामुळे तो श्रीमंतांनाच परवडतो. पुढे लोखंडी अँगल आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा आल्या आणि हाच मांडव बागाईतदाराच्या आवाक्यात आला. पानांचं छत वर, घड खाली सावलीत, म्हणजे उन्हाचा चटका कमी. पण छत दाट झालं की हवा खेळत नाही, आणि दमट हवेत केवडा हा बुरशीचा रोग बळावतो. म्हणून अनेकांनी वाय आकाराचा सांगाडा धरला. त्यात मधली जागा मोकळी राहते, फवारा आतपर्यंत पोचतो आणि घडांची विरळणी उभ्याने करता येते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण बागेत दिवसभर मान वर करून राबणाऱ्या बायकांच्या मानेला त्याने थोडा तरी आराम दिला.

फाटकावरची मधुमालतीची कमान आता त्याच अँगल-तारेची होते. ती बांधताना सुतळी आधी तारेला घट्ट आवळावी, मग इंग्रजी आठासारखा पीळ देऊन वेलीभोवती सैल फास ठेवावा. खोड जाड झालं तरी मग सुतळी त्यात रुतत नाही.