दातांची कीड रोखण्यासाठी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून ब्रश, टूथपेस्ट आणि फ्लॉस (दातांमधल्या फटी साफ करण्याचा बारीक धागा) नेणारे ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे यांतला सर्वांत चांगला ब्रश कोणता. विक्रेत्याच्या तोंडी हे उत्तर विचित्र वाटेल, परंतु मऊ तंतूंचा आणि लहान डोक्याचा कोणताही ब्रश पुरेसा असतो. दात टिकतात की किडतात हे ब्रशच्या किमतीपेक्षा तो केव्हा आणि कुठवर फिरतो, तसेच दोन जेवणांच्या मधल्या वेळात तोंडात काय जाते, यावर अधिक अवलंबून असते.

दातांवर सतत एक चिकट थर जमत असतो, त्याला प्लाक म्हणतात. रात्री दात घासण्यापूर्वी दाढेवर हिरडीलगत नख हलकेच फिरवल्यास नखावर जो पांढरट, मऊ साका येतो, तो हाच. या थरात राहणारे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू साखर मिळाल्यावर काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. थरातील पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल अधिक) साधारणपणे 5.5 च्या खाली गेला की दाताच्या बाहेरील कठीण आवरणातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागते. लाळ हे आम्ल निष्प्रभ करते आणि निघून गेलेली खनिजे काही अंशी परत बसवते, मात्र त्यासाठी तिला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणूनच साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. जेवणासोबत एकदाच खाल्लेल्या गोड पदार्थाचा दातांना जेवढा त्रास होतो, त्याहून कितीतरी अधिक त्रास तेच गोड दिवसभर थोडे थोडे चघळल्याने किंवा गोड पेयाचा पेला समोर ठेवून घोट घोट घेतल्याने होतो, कारण लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही.

झोपेत लाळ अगदी कमी सुटते. त्यामुळे सकाळी मन लावून दात घासणारे, पण रात्री तसेच झोपणारे लोक नेमक्या गरजेच्या वेळी दातांना उघड्यावर सोडतात. दिवसातून दोन वेळा दात घासावेत हे सर्वांना ठाऊक आहे; त्यांतली रात्रीची वेळ चुकवू नये आणि त्यानंतर पाण्याखेरीज काहीही घेऊ नये, एवढेच आम्ही आग्रहाने सांगू. तान्ह्या मुलांनाही दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.

टूथपेस्ट घेताना तीत फ्लोराइड आहे ना, हे वेष्टनावर पाहून घ्यावे. मोठ्यांसाठी त्याचे प्रमाण 1000 ते 1500 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) असावे. फ्लोराइडमुळे खनिजे लवकर परत बसतात आणि नव्याने बसलेला भाग आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. हा लाभ टिकावा म्हणून घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण लगेच खळखळून चूळ भरू नये. जुनी सवय मोडायला थोडे जड जाते, हे खरे. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी, कारण ती गिळली जाण्याचा संभव असतो.

घासताना ब्रश हिरडीकडे तिरपा धरून, हलक्या हाताने, लहान लहान हालचाली करीत साधारण दोन मिनिटे सर्व बाजूंनी फिरवावा. जोर लावल्याने दात अधिक स्वच्छ होत नाहीत, उलट हिरड्या मागे सरकतात. ब्रशचे तंतू तीन महिन्यांच्या आतच विस्कटत असतील, तर हात जड पडतो आहे असे समजावे. दोन दातांमधल्या फटीत मात्र कोणत्याही ब्रशचे तंतू पोहोचत नाहीत, आणि कीड अनेकदा तिथेच लपून वाढते. त्यासाठी दिवसातून एकदा फ्लॉस वापरावा. तो फटीत ताडकन खाली न दाबता मागेपुढे करीत उतरवावा, एका दाताभोवती वळवून वरखाली सरकवावा आणि मग शेजारच्या दाताकडे वळावे. फटी रुंद असतील, तर दातांमध्ये घालायचा बारीक ब्रश अधिक उपयोगी पडतो.

पालकांनी एका दाढेकडे विशेष लक्ष द्यावे. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्यामुळे ती आल्याचे घरात कळत नाही, किंवा तीही दुधाचीच समजली जाते. तिच्या खोल खाचांत अन्न अडकते. दंतवैद्य या खाचा सीलंट नावाच्या लेपाने बंद करू शकतात, त्याबद्दल त्यांना अवश्य विचारावे. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत त्याचे दात मोठ्यांनीच घासावेत किंवा निदान शेजारी उभे राहावे.

कीड सुरू होते तेव्हा भोक दिसत नाही. खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर पृष्ठभाग शाबूत असतो आणि फ्लोराइड व स्वच्छता यांच्या मदतीने कीड थांबवता येते. एकदा खड्डा पडला की इनॅमल पुन्हा उगवत नाही आणि सिमेंट भरून घेण्यावाचून इलाज उरत नाही. हिरड्या मागे सरकून मुळे उघडी पडलेल्यांनी, तसेच औषधांमुळे तोंड कोरडे पडणाऱ्यांनी दंतवैद्यांकडे अधिक वेळा जावे, कारण मुळांवर इनॅमल नसते आणि कोरड्या तोंडात आम्ल निष्प्रभ करायला पुरेशी लाळ नसते.

दाढेचा ठणका काही दिवसांनी आपोआप थांबला, तर दाताच्या आतील नस मेलेली असण्याची शक्यता असते. जंतुसंसर्ग मात्र मुळाकडे पसरत राहू शकतो. दुखायचे थांबले म्हणून दंतवैद्यांकडील ठरलेली भेट रद्द करू नये.