उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळला की समुद्र चढतो?

विश्वामित्रीला पूर आला की बडोद्याच्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळतोय, समुद्र वर येतोय, आता आपलं काही खरं नाही." वर्षानुवर्षं फिरणारं हे वाक्य चुकीचं आहे. विश्वामित्रीचा पूर पावसाचा आणि वरच्या आजवा जलाशयातून येणाऱ्या पाण्याचा.

उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. तिथला बर्फ म्हणजे गोठून तरंगणारा समुद्र. काठोकाठ भरलेल्या ग्लासातला बर्फ विरघळला तरी सरबत सांडत नाही, तसंच हे. (बर्फाचं पाणी जवळजवळ गोडं आणि समुद्राचं खारं, त्यामुळे पडणारा फरक नगण्य.) समुद्र चढतो तो ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ आणि डोंगरांतल्या हिमनद्या वितळल्याने, शिवाय पाणी तापून फुगल्याने. १९०१ ते २०१८ या काळात तो सुमारे २० सेंटीमीटर चढला.

मग तरंगता बर्फ गेला तर बिघडलं कुठे? खूप बिघडलं, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो, याचं मला वाईट वाटतं. अलास्कातलं शिशमारेफ हे इनुपियाट लोकांचं बेटावरचं गाव. शरद ऋतूत किनाऱ्यालगत गोठणारा समुद्र वादळी लाटा अडवायचा. आता तो उशिरा गोठतो, किनाऱ्याची एरवी कायम गोठलेली मातीही सैल झाली आहे, आणि लाटा जमीन खातात. २०१६ मध्ये गावाने स्थलांतराच्या बाजूने मतदान केलं. सीलच्या शिकारीची वाटही याच बर्फावरून जाते. तो पातळ झाला की वाट जिवावर बेतते.